पोलंड गावचा झरा : एका शेताच्या इतिहासाचा शोध

एखादी वस्तू फारच स्वस्तात गेली की ती पाण्याच्या मोलाने गेली, असे आपण म्हणतो. वाटसरूला पाणी पाजावे, त्याचे पैसे घेऊ नयेत, ही आपली जुनी शिकवण. पाणपोई घालणे हे पुण्यकर्म आणि पाणी विकणे हा धंदा, असा भेद आपल्या मनात पक्का आहे. अशा समजुतीत वाढलेल्या माणसाला ज्या शेताची हकीगत चमत्कारिक वाटेल, त्या शेताविषयी मी बोलणार आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. तेथील पोर्टलंड बंदराच्या उत्तरेस चाळीस-पन्नास किलोमीटरांवर पोलंड नावाचे एक लहान गाव आहे. युरोपातील पोलंड देशाशी त्याची गल्लत करू नये. या गावच्या टेकडीवर रिकर नावाच्या कुटुंबाचे शेत होते आणि शेतात एक झरा होता. त्या झऱ्याच्या पाण्यावर या कुटुंबाने प्रवाशांचे राजवाडे म्हणावेत अशी हॉटेले उभारली आणि 'पोलंड स्प्रिंग' हे नाव अमेरिकेत घरोघरी पोचविले.

ही हकीगत सांगण्याचे कारण असे की तिच्यात इतिहास आणि जाहिरात यांची गाठ फार घट्ट बसली आहे. आपल्याकडे बखरी आणि अस्सल कागद यांतला फरक इतिहासाचार्य राजवाडे यांनी कठोरपणे शिकविला. बखर लिहिणाऱ्याला कोणाची तरी कीर्ती सांगावयाची असते. खरेदीखत लिहिणाऱ्याला केवळ जमिनीची हद्द सांगावयाची असते. म्हणून पुष्कळदा रूक्ष कागद अधिक खरे बोलतो. रिकरांच्या शेताला त्याची स्वतःची बखर आहे. ती पुस्तिकांतून, वर्तमानपत्रांतून आणि बाटल्यांवरून छापली गेली. तिच्याखालचा इतिहास उकरून काढावयाचा तर आपल्याला चार प्रश्न विचारावे लागतील. हे शेत कोणाचे होते? त्या पाण्याने रोग बरे झाले काय? लोकांनी पैसे मोजले ते नेमके कशासाठी? आणि शेवटी, झरा कोणाच्या मालकीचा असतो?

शेत कोणाचे?

रिकर घराण्याच्या कथेचा आरंभ १७९४ सालापासून होतो. त्या वेळी मेन हे स्वतंत्र राज्य नव्हते. १८२० पर्यंत तो मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. जेबेझ रिकर नावाचा शेतकरी आल्फ्रेड या गावी राहत असे. त्याच सुमारास शेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ त्या मुलखात वसाहती करीत होता. या पंथातले लोक आजन्म ब्रह्मचर्य पाळीत, सर्व मालमत्ता सामाईक ठेवीत आणि शेती, सुतारकाम, बियाणे व औषधी वनस्पती यांवर निर्वाह करीत. आल्फ्रेड येथेही त्यांची वसाहत होती. जेबेझने आपली आल्फ्रेडची जमीन शेकरांना दिली आणि तिच्या बदल्यात पोलंडच्या टेकडीवरील जमीन घेतली. म्हणजे या सुप्रसिद्ध झऱ्याची मालकी रिकरांकडे आली ती जमिनीच्या एका साध्या अदलाबदलीतून. त्या व्यवहारात कोणी झऱ्यासाठी भांडले, असे दिसत नाही. डोंगराळ मुलखात झरा ही दुर्मिळ गोष्ट नव्हे. त्या वेळी किंमत होती ती जमिनीला, लाकडाला आणि रस्त्याला.

रिकरांच्या आधी शेकर, आणि शेकरांच्या आधी? तेथील नदीचे नाव अँड्रोस्कॉगिन. हे नाव अबेनाकी या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले आहे, आणि नदीच्या खोऱ्यात त्यांची वस्ती शतकानुशतके होती. सतराव्या आणि अठराव्या शतकांतील लढायांनी व रोगांच्या साथींनी ही वस्ती उठली, आणि रिकामी म्हणून जी जमीन वसाहतवाल्यांना वाटली गेली तिच्यात ही टेकडीही होती. जुन्या शेताचा शोध घेणाऱ्याने पहिल्या दस्तापाशी थांबून चालत नाही, ते यासाठी. दस्त हा मालकीचा आरंभ असतो. जागेचा आरंभ नसतो.

१७९७ साली रिकरांनी प्रवाशांसाठी एक उतारशाळा बांधली. पोलंडमध्ये पाऊल टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वाटसरू दारात येऊन न्याहारी मागू लागले, म्हणून ही कल्पना सुचली, असे घराण्यात सांगत. त्या कथेला फारसे महत्त्व न दिले तरी चालेल. तिच्यामागचे कारण मात्र खरे आहे. पोर्टलंडहून उत्तरेकडे, कॅनडाच्या दिशेने जाणारा घोडागाड्यांचा रस्ता या टेकडीवरून जात असे. घोडे बदलावयाचे, माणसांनी जेवावयाचे, रात्र काढावयाची. तेव्हा शेतीबरोबर उतारशाळा हा उत्तम जोडधंदा ठरला. जेबेझ, त्याचा मुलगा वेंटवर्थ आणि नातू हायरम अशा तीन पिढ्या त्यावर जगल्या.

मग १८५३ साली पोर्टलंड ते माँट्रियल हा लोहमार्ग पुरा झाला. जो प्रवासी टेकडीवर मुक्काम करीत असे तो आता खालून गाडीत बसून निघून जाऊ लागला. हायरम रिकरच्या हाती एक शेत, एक ओस पडू लागलेली उतारशाळा आणि वाढते कुटुंब उरले. कुटुंबाच्या बखरीत या लोहमार्गाला फार थोडी जागा आहे. तिच्यात झरा मुख्य आहे. परंतु कालक्रम नीट मांडला तर असे दिसते की पाण्याची नियमित विक्री सुरू झाली ती लोहमार्गानंतर सहा-सात वर्षांनी, १८५९-६० च्या सुमारास. आजही बाटलीवर १८४५ हे साल मिरविले जाते. ते विक्रीचे साल नसून हायरमला पाण्याचा गुण आला त्या कथेच्या आसपासचे साल आहे. चौदा-पंधरा वर्षांचा हा फरक किरकोळ नाही. पहिले साल मानले तर धंदा चमत्कारातून जन्मला असे होते; दुसरे मानले तर तो गरजेतून जन्मला असे होते.

रोग बरे झाले काय?

आता कथांकडे वळू. त्या तीन आहेत. १८०० साली जेबेझचा मुलगा जोसेफ तापाने मरणपंथाला लागला असता त्याने झऱ्याचे पाणी मागितले आणि तो उठून बसला. १८२७ साली वेंटवर्थला मुतखड्याचा विकार होता. झऱ्याजवळ काम करताना तो तेच पाणी पीत राहिला आणि त्याची पीडा गेली. १८४४ साली हायरमला जुनाट अग्निमांद्य होते. गवताच्या कापणीच्या दिवसांत त्याने झऱ्याचे पाणी प्यावयास आरंभ केला आणि त्याला अन्न पचू लागले. तीन पिढ्या, तीन रोग आणि एक औषध. या कथा लोकांपुढे आल्या त्या मुख्यतः धंदा उभा राहिल्यावर, धंद्याच्याच पुस्तिकांतून.

म्हणून त्या सरसकट खोट्या ठरवाव्या काय? मला तसे वाटत नाही. मुतखड्याची गोष्ट घ्या. पुरेसे पाणी पिणाऱ्या माणसाची लघवी पातळ राहते आणि तिच्यातील क्षारांचे खडे सहजासहजी जमत नाहीत. आजचे वैद्यकही मुतखडा झालेल्या रोग्याला भरपूर पाणी पिण्यास सांगते. उन्हात राबणाऱ्या आणि पाण्याऐवजी सफरचंदाची आंबविलेली दारू किंवा रम पिणाऱ्या त्या काळच्या शेतकऱ्याने रोज भरपूर पाणी घ्यावयास सुरुवात केली, तर त्याला आराम पडणे स्वाभाविक आहे. मात्र हा गुण पाण्याचा झाला, पोलंडच्या पाण्याचा नव्हे. अग्निमांद्याचे म्हणाल तर तो विकार येतो-जातो. आणि ताप उतरावयाचा असला म्हणजे जे शेवटी पोटात गेले त्याला यश मिळते. आपल्या गावोगावच्या अंगाऱ्यांची आणि काढ्यांची कीर्ती अशीच वाढलेली असते.

पण या झऱ्याच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. युरोपातील विशी, कार्ल्सबाड किंवा अमेरिकेतील सॅराटोगा येथील झऱ्यांची ख्याती होती ती त्यांच्या पाण्यातील क्षारांमुळे. अमुक क्षार यकृताला, तमुक पोटाला, असे वैद्य सांगत. पोलंडच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण केले तर त्यात सांगण्यासारखे काहीच सापडेना. क्षार अगदी थोडे. मेनचा बराचसा भाग प्राचीन काळी हिमाच्या प्रचंड थराखाली होता. हिम वितळताना त्याने आणलेली वाळू आणि गोटे यांचे थर मागे राहिले. पावसाचे व बर्फाचे पाणी त्यांतून झिरपते. खाली कठीण, सहजी न विरघळणारा खडक. अशा ठिकाणी पाणी गाळून निघते, पण क्षार फारसे उचलीत नाही. दुसरा एखादा व्यापारी अशा अहवालाने खचला असता. रिकरांनी त्या उणिवेचेच भांडवल केले. आमच्या पाण्यात काही नाही, म्हणूनच ते श्रेष्ठ. ते शुद्ध आहे, असे ते सांगू लागले. आणि तरीही मूत्रपिंड, यकृत व पोट यांच्या विकारांवर ते गुणकारी असल्याचा दावाही त्यांनी सोडला नाही. ज्यात काही नाही ते सर्व काही बरे करते, हा युक्तिवाद तर्काला पटत नसला तरी बाजाराला पटला.

लोकांनी पैसे कशाचे दिले?

बाजाराला तो का पटला, हे समजण्यासाठी त्या काळच्या शहरांकडे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया ही शहरे फुगत होती. विहिरी आणि मैलखड्डे शेजारी शेजारी असत. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकीची साथ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखविली. रोगजंतूंची कल्पना वैद्यकात रुजावयास त्यानंतरही दोन-तीन दशके लागली. शहरातला सुखवस्तू गृहस्थ आपल्या नळाच्या पाण्याला भीत असे, आणि ती भीती अनाठायी नव्हती. त्याला टेकडीवरच्या झऱ्याचे बंद भांड्यातले पाणी मिळाले, तर आजारी न पडणे हाच त्याच्या दृष्टीने मोठा गुण होता. जाहिरातीने ज्याला औषध म्हटले ते वस्तुतः रोगापासूनचे अंतर होते.

आरंभी तीन गॅलनांच्या मोठ्या बुधल्याला पंधरा सेंट पडत, असे सांगतात. तीन गॅलन म्हणजे सुमारे अकरा लिटर. पोर्टलंडमधील एलिफॅलेट क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी हे पाणी आपल्या रोग्यांना सांगावयास सुरुवात केली, तेव्हा मागणी वाढली. येथे वाहतुकीचा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. पाणी हा जड माल; अकरा लिटर पाण्याचे वजन अकरा किलो, त्यात भांड्याची भर. घोडागाडीच्या काळात असा माल दूर पाठविणे परवडलेच नसते. ज्या लोहमार्गाने उतारशाळेचे गिऱ्हाईक नेले, त्याच लोहमार्गांनी पुढे पाण्याचे बुधले गावोगाव पोचविले. रिकरांचे खरे चातुर्य मला येथे दिसते. माणसे टेकडीवर थांबत नाहीत, तर टेकडीवरची वस्तू माणसांकडे पाठवावी. आणि ती वस्तू चाखून माणसे पुन्हा टेकडीवर यावीत.

तसेच झाले. १८७६ साली 'पोलंड स्प्रिंग हाउस' हे भव्य हॉटेल उघडले. त्याच वर्षी मोझेसच्या आकृतीची बाटली निघाली. बायबलातील मोझेसने काठीने खडकावर प्रहार करून तहानलेल्या लोकांसाठी पाणी काढले, ही कथा त्या समाजात पोराबाळांना ठाऊक होती. तिचा आधार घेतला की वेगळ्या जाहिरातीची गरज राहत नाही. हायरमच्या मुलांनी कामे वाटून घेतली. एडवर्ड हॉटेल आणि एकूण कारभार पाही, अल्व्हन शेती व कोठार सांभाळी, धाकटा हायरम पाण्याचा व्यापार करी. म्हणजे शेत संपले नव्हते; हॉटेलातील पाहुण्यांना लागणारे दूधदुभते आणि भाजीपाला पुरविण्यात ते गुंतले होते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात पाण्याला पदक मिळाले. प्रदर्शन उठल्यावर मेन राज्याने तेथे बांधलेली अष्टकोनी इमारत रिकरांनी विकत घेतली, दगड न् दगड सुटा करून आगगाडीने आणली आणि १८९५ साली आपल्या टेकडीवर ग्रंथालय व चित्रदालन म्हणून पुन्हा उभी केली. १९०४ साली सेंट लुई येथील प्रदर्शनातही पाण्याने मोठे पारितोषिक मिळविले.

१८९४ पासून हॉटेलचे स्वतःचे 'हिलटॉप' नावाचे नियतकालिक निघू लागले. कोण पाहुणे आले, कोणी गायन केले, टेकडीवर कसला समारंभ झाला, हे त्यात छापून येई. इतिहासाचा शोध घेणाऱ्याला हे अंक म्हणजे खजिनाच; पण तो मालकांनी भरलेला खजिना आहे, हे विसरता कामा नये. पाहुण्यांची नावे त्यात भरपूर सापडतात. बुधले धुणाऱ्या, गाड्या भरणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या माणसांची नावे शोधावयाची तर खानेसुमारीची पत्रके आणि पगाराच्या वह्या यांकडे वळावे लागते.

नंतरची उतरण थोडक्यात सांगतो. १९०६ साली अमेरिकेत अन्न व औषधे यांच्या शुद्धतेचा कायदा झाला आणि १९१२ च्या दुरुस्तीने रोग बरे करण्याचे खोटे दावे वेष्टनावर छापणे धोक्याचे ठरले. १९०८ साली न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात क्लोरीन घालण्यास आरंभ झाला आणि पुढे शहरामागून शहराने ते अनुकरण केले. नळाचे पाणी निर्धोक झाले, तेव्हा बाटलीतल्या पाण्याचे अर्धे कारणच नाहीसे झाले. मोटारी आल्या, उन्हाळाभर एकाच हॉटेलात राहणारी श्रीमंत कुटुंबे जागोजाग हिंडू लागली. १९३० नंतरच्या मंदीत रिकरांच्या हातून सत्ता गेली. १९७५ च्या जुलैत ओस पडलेले पोलंड स्प्रिंग हाउस जळून खाक झाले. नाव मात्र जळले नाही. १९८० मध्ये ते पेरिए या फ्रेंच कंपनीने घेतले, १९९२ मध्ये पेरिएसह नेस्लेकडे गेले, २०२१ मध्ये नेस्लेने ते गुंतवणूकदारांना विकले आणि २०२४ मध्ये ते प्रायमो ब्रँड्स या कंपनीत सामील झाले. रिकरांच्या एका झऱ्याचे नाव आज मेनमधील अनेक ठिकाणच्या पाण्याला लावले जाते. अमेरिकेच्या १९९५ च्या नियमाप्रमाणे झऱ्याला पाणी पुरविणाऱ्या भूस्तरात छिद्र पाडून काढलेले पाणीही काही अटींवर 'झऱ्याचे' म्हणता येते. या नावाखाली विकलेले पाणी खरोखर झऱ्याचे आहे काय, असे दावे न्यायालयांत गेले. २००३ मध्ये त्यांपैकी एक, कंपनीने दोष मान्य न करता, तडजोडीने मिटला.

झरा कोणाचा?

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. शेताला हद्द असते, पाण्याला नसते. झरा ज्याच्या शेतात फुटतो त्याच्या शेतात त्याचे पाणी मुरलेले असतेच असे नाही. ते वरच्या टेकड्यांवर, शेजाऱ्यांच्या रानात, कोणाच्या कुरणात मुरते आणि थरांच्या उताराने वाहत येऊन एका जागी प्रकट होते. ती जागा ज्याच्या नावावर, त्याला ते विकण्याचा हक्क कोठून आला?

तो इंग्लंडच्या न्यायालयातून आला. १८४३ साली लँकेशायरमधील एका गिरणीमालकाने तक्रार केली की शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीमुळे आपली विहीर आटली. न्यायालयाने सांगितले की जमिनीखाली अदृश्यपणे झिरपणाऱ्या पाण्यावर ज्याची जमीन त्याची सत्ता. शेजाऱ्याची विहीर आटली तरी त्याला दाद नाही. पाणी खाली कसे वाहते हे त्या काळी नीट कळत नव्हते, आणि जे कळत नाही त्याचे वाटप कसे करावे, हा न्यायाधीशांपुढचा पेच होता. पुढे अमेरिकेतील पुष्कळ राज्यांनी हे तत्त्व टाकले वा सौम्य केले. मेनने ते सोडले नाही. तेथे १९९९ साली एक खटला आला; शेजारच्या खडी-वाळूच्या खोदकामाने आपला झरा आटला, अशी फिर्यादीची तक्रार होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुनाच नियम कायम ठेवला आणि तो बदलावयाचा तर विधिमंडळाने बदलावा, असे सुचविले.

हे ऐकून आपण दूरच्या देशाचे नवल करण्याचे कारण नाही. तेच इंग्रजी तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उतरले. आपल्या हद्दीत जमिनीखाली असलेले आणि निश्चित प्रवाहाने न वाहणारे सर्व पाणी गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याचा जमीनमालकाचा हक्क त्यात उदाहरण देऊन सांगितला आहे. १८९१ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. आपल्या शेतातली विहीर आपली आणि तिच्यातले पाणीही आपले, ही आपली कल्पना जितकी परंपरेची तितकीच या कायद्याची आहे. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांना संरक्षण देणारा आणि २००९ साली भूजलाच्या एकूण व्यवस्थापनाचा कायदा केला. हा दुसरा कायदा २०१४ मध्ये अंमलात आला. कागदावर दिशा बदलली आहे. बांधाबांधावर ती किती बदलली, हे आपापल्या गावच्या विंधनविहिरींची खोली विचारून ज्याने त्याने पाहावे.

आपल्यापैकी कोणाला एखाद्या जुन्या शेताचा, वाडीचा किंवा झऱ्याचा इतिहास शोधावयाचा असेल तर या पोलंडच्या टेकडीवरून घेण्यासारखे पुष्कळ आहे. घराण्यात सांगतात ती गोष्ट आधी ऐकून घ्यावी, कारण लोक काय आठवतात हेही इतिहासाचे अंग आहे. मग सात-बाराचा उतारा आणि फेरफार पाहावेत. दस्तातली सालावळी गोष्टीतल्या सालावळीशी ताडावी, आणि दोहोंत अंतर पडेल तेथे थांबून त्या वर्षांत रस्ता, धरण, लोहमार्ग किंवा दुष्काळ यांपैकी काय आले होते ते विचारावे. कीर्द-खतावणी मिळाली तर विक्रीइतकीच मजुरीही वाचावी. आणि शेवटी प्रत्यक्ष शिवारात जाऊन पाणी कोणत्या अंगाने येते ते पायांनी पाहावे. दस्तात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका. झऱ्याला पाणी पुरविणारे बहुतेक शेजारी त्या चतुःसीमांच्या पलीकडचे असतात, आणि त्यांची नावे कोणत्याही दस्तात सापडत नाहीत.